वाचू नका, सांगा

आमचे सर विरामचिन्हांसकट बोलत. जिन्याच्या पायरीवर पाय पडला की वरून आवाज यायचा, "कोण आहे, प्रश्नचिन्ह." आपण नाव सांगावं, की लगेच, "या, स्वल्पविराम, चपला बाहेर काढा, पूर्णविराम." पहिल्या दिवशी मला वाटलं, आत वर्ग चालू असेल आणि ते मुलांना मजकूर सांगत असतील. वर जाऊन पाहते तर खोलीत अकरा टंकलेखन यंत्रं, टेबलक्लॉथ पांघरून ठेवलेले दोन कॉम्प्युटर आणि खिडकीशी एकटे सर. पांढरा बुशशर्ट, खिशाला पेन्सिल. पेन्सिलीला दोन्ही बाजूंनी टोक. एक मोडलं तर दुसरं हवं, असं त्यांचं म्हणणं. बोलणारा काही आपल्यासाठी थांबत नाही.

जुन्या पनवेलच्या बाजारपेठेत, फरसाणाच्या दुकानावरच्या मजल्यावर त्यांची टंकलेखन आणि लघुलेखनाची संस्था होती. मागच्या दोन खोल्यांत ते आणि काकू राहत. सर आधी सरकारी कचेरीत लघुलेखक होते. साहेब बोलणार, हे लिहून घेणार. निवृत्तीआधीच नोकरी सोडली आणि मुलांना शिकवायला लागले. मी गेले तेव्हा, म्हणजे दोन हजार सात-आठच्या सुमाराला, टायपिंग शिकणारी मुलं कमी होत चालली होती आणि शॉर्टहँडला तर पाच-सहाच जण उरले होते. सर त्या पाच-सहांनाही अहो-जाहो करत. सोळा वर्षांच्या मुलीला "आपण काल का आला नाहीत, प्रश्नचिन्ह" असं विचारलं की ती बिचारी खोटं बोलायचं विसरून जाई.

जगातल्या सगळ्या माणसांकडे ते मिनिटाला शब्द किती, या हिशेबाने बघत. स्टँडवरचे रिक्षावाले एकशे सत्तर. सत्यनारायण सांगणारे गुरुजी दोनशे वीस, "त्यातले चाळीस कळतात." नगरपालिकेच्या खिडकीवरचा माणूस बारा. काकू रागावल्या की ते हळूच मनगटावरच्या घड्याळाकडे बघत, आणि ते दिसलं की काकू मध्येच गप्प होत. "माझं भांडणसुद्धा पूर्ण होऊ देत नाहीत गं हे," असं काकू मला कितीदा म्हणाल्या असतील.

भांडणावरून आठवलं. खालच्या फरसाणवाल्याला यंत्रांच्या खडखडाटाचा फार त्रास होई. एका दुपारी तो तावातावाने वर आला आणि दारात उभा राहून ओरडायला लागला. सरांनी वही ओढली, पेन्सिल काढली आणि मान खाली घालून त्याचं सगळं बोलणं उतरवून घेतलं. मधे एकदा हात वर करून म्हणाले, "शेवटचा शब्द पुन्हा सांगता, प्रश्नचिन्ह." तो आणखी भडकला. दुसऱ्या दिवशी सरांनी ते सगळं दोन प्रतींत स्वच्छ टाइप केलं, शिव्यांसकट, परिच्छेद पाडून, आणि खाली नेऊन दिलं. वर लिहिलं होतं, 'कृपया तपासून सही करावी.' फरसाणवाल्याने गल्ल्यावर बसून ते सगळं वाचलं. मग चष्मा काढून म्हणाला, "हे मी बोललो?" त्यानंतर त्याने कधी आवाज चढवला नाही. दिवाळीला चिवडा पाठवायला लागला.

आता मी तिथे कशी पोचले ते सांगते.

मी जासईच्या एका कंटेनर यार्डात कारकून होते. कोणता कंटेनर आला, कोणता गेला, सील नंबर बरोबर आहे का, एवढं दिवसभर पाहायचं. बोलायचं काम नव्हतं, म्हणून ते काम मला आवडायचं. लहानपणापासून चार माणसांसमोर बोलायची वेळ आली की माझा घसा आवळायचा. शाळेत तोंडी परीक्षेला उत्तरं येत असून मी शून्य मार्क घेतलेले आहेत. पण लिहायला बसले की थांबायची नाही. यार्डात बसून बसून माझ्या डोक्यात एक गोष्ट तयार झाली होती आणि ती मी पटकथेच्या स्वरूपात लिहिली होती, हाताने, दोन वह्यांमध्ये. ओळखीच्या एकाने सांगितलं, हस्तलिखित कोणी हातात धरत नाही, टाइप करून घे. बाहेर टाइप करायला दिली तर ती गोष्ट कोणीतरी वाचेल, याचीच मला लाज वाटत होती. म्हणून मी स्वतः टायपिंग शिकायला आले. तेव्हा माझं वय एकोणतीस होतं.

चार महिन्यांत माझी पटकथा माझ्याच हाताने टाइप झाली. सर पाठीमागून जाता-येता चुका दाखवत. 'खाडी'तला वेलांटीचा घोळ त्यांनीच सुधारला. पण गोष्टीबद्दल कधी चकार शब्द नाही. मीही विचारलं नाही.

मग त्या ओळखीच्या माणसाच्या ओळखीने अंधेरीतल्या एका दिग्दर्शकाच्या ऑफिसात वेळ मिळाली. मी समजत होते की पटकथा द्यायची, ते वाचतील आणि कळवतील. तिथे गेल्यावर कळलं की या धंद्यात कोणी वाचत नाही. ऐकतात. त्याला ते 'नरेशन' म्हणतात. लेखकाने समोर बसून अख्खा सिनेमा तोंडाने सांगायचा. समोर तिघं होते, दिग्दर्शक, त्याची साहाय्यक आणि एक निर्माता. दिग्दर्शक म्हणाला, "हं, सांगा मॅडम." मी फाइल उघडली आणि मान खाली घालून वाचायला लागले. "दृश्य पहिलं. बाहेर. दिवस." माझाच आवाज मला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा येत होता. तिसऱ्या पानावर निर्माता फोन घेऊन बाहेर गेला. पाचव्या पानावर पाण्याचा ग्लास उचलायला गेले आणि तो पानांवरच उपडा झाला. साहाय्यक मुलीने रुमाल दिला. दिग्दर्शक फार सभ्यपणे म्हणाला, "असं करा, ठेवून जा. आम्ही वाचतो."

वाचत नाहीत, हे मला आता माहीत होतं.

बाकीची पानं मी तिथेच ठेवली होती; दुसऱ्या दिवशी क्लासला गेले ते ओली होऊन वाळलेली पानं पुन्हा टाइप करून पाठवायला. सरांनी ती पानं उचलली आणि विचारलं, "काय झालं, प्रश्नचिन्ह." मी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "सर, मला बोलता आलं असतं तर मी लिहिलं कशाला असतं?"

सरांनी पानं यंत्राशेजारी नीट रचून ठेवली. मग म्हणाले, "वाचून दाखवणारा माणूस स्वतःला वाचवत असतो, पूर्णविराम. वाचू नका, स्वल्पविराम, सांगा, पूर्णविराम. उद्यापासून सहा वाजता या."

त्यांनी मला शिकवायचं ठरवलं. मी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही माझी परवानगी घेतली नाही. यार्डातून सुटले की जासईहून पनवेलला यायचं, स्टँडवर उतरून चालत संस्थेत, आणि सरांसमोर उभं राहायचं. त्यांनी शॉर्टहँड शिकवण्याचीच पद्धत माझ्यावर उलटी लावली. साठच्या गतीने एक दृश्य सांगा. मग ऐंशीच्या. मग शंभरच्या. हातात घड्याळ. मी चुकले की, "पुन्हा, पूर्णविराम." सर मला सांगत, "ऐकणाऱ्याच्या हातात पेन्सिल आहे असं समजा, पूर्णविराम. त्याला लिहून घेता आलं पाहिजे. पेन्सिल थांबली, तर तो एक तर हरवला, नाही तर गुंतला. कोणतं ते त्याच्या डोळ्यांत बघून ओळखायचं, पूर्णविराम. आणि तुम्ही तर बघता जमिनीकडे."

हे वाक्य मी आजही विसरलेले नाही. पण तेव्हा त्याचा काही उपयोग झाला नाही. दोन महिन्यांनी माझी गोष्ट पाठ झाली, गती बसली, आणि मी बातम्या दिल्यासारखी बोलायला लागले. घरी आईसमोर सांगून पाहिलं तर ती म्हणाली, "छान आहे. पण कोण मेलं?" कोणीच मेलं नव्हतं.

एका संध्याकाळी सरांनी एकच दृश्य मला नऊ वेळा सांगायला लावलं. यार्डात त्या दिवशी एका सीलच्या गोंधळावरून बोलणी खाऊन आले होते. नवव्या वेळी सर "पुन्हा" म्हणाले आणि माझा तोल गेला. मी म्हणाले, "तुम्हाला काय कळणार सर? जन्मभर तुम्ही दुसऱ्याचं बोलणं उतरवून घेतलंत. तुमच्या मनातलं एक तरी वाक्य तुम्ही कधी बोललात का? त्या स्वल्पविरामांच्या मागे लपून बसता आणि मला सांगता बोला म्हणून!"

आणखी बरंच बोलले. शॉर्टहँडची मुलं माना खाली घालून बसली होती.

सरांनी तोंड उघडलं. "त..." म्हणाले. "त... त..." त्यांचा जबडा अडकल्यासारखा झाला, मानेची शीर फुगली, डोळे मिटले गेले. पुढचा शब्द काही येईना. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी घड्याळ टेबलावर ठेवलं आणि आतल्या खोलीत निघून गेले.

काकू बाहेर आल्या. त्यांनी मुलांना घरी पाठवलं आणि मला बाकावर बसवलं.

"त्यांची जीभ अडकते गं," काकू म्हणाल्या. "लहानपणापासून. शाळेत मास्तर उभं करायचे आणि पोरं हसायची. म्हणून तर ते शॉर्टहँड शिकले. तिथे फक्त ऐकायचं असतं. मग एकदा कचेरीत कोणाला तरी मजकूर सांगायचं काम आलं आणि त्यांच्या लक्षात आलं, स्वल्पविराम, पूर्णविराम म्हणत गेलं की जीभ अडत नाही. तिथे श्वास घ्यायला जागा मिळते. तेव्हापासून तसेच बोलतात. मला लग्नाची मागणीसुद्धा तशीच घातली. मी हसले होते. मला वाटलं, गंमत करतायत."

मी त्या रात्री जेवले नाही. दुसऱ्या दिवशी वेळेआधीच गेले. माफी मागायची म्हणून तीन वाक्यं ठरवून ठेवली होती.

सरांनी मला बोलूच दिलं नाही. वही उघडून म्हणाले, "काल आपण एका मिनिटात एकशे नव्वद शब्द बोललात, स्वल्पविराम, एकदाही न अडखळता, स्वल्पविराम, माझ्या डोळ्यांत बघून, पूर्णविराम. मी मोजले. म्हणजे बोलता येतं, पूर्णविराम. माझीच पद्धत चुकली." आणि घड्याळ काढून खणात टाकलं. त्यानंतर माझ्यासाठी ते पुन्हा कधी बाहेर आलं नाही.

महिनाभर काहीच झालं नाही. मी टायपिंग करायची, सर इकडे-तिकडे फिरायचे. अंधेरीच्या ऑफिसात मी एकदा संस्थेतूनच फोन केला होता, पुन्हा वेळ मिळेल का म्हणून. "कळवतो" असं उत्तर आलं. त्याचा अर्थ मलाही कळत होता.

सरांकडे दर बुधवारी गव्हाणहून एक मावशी मासे घेऊन यायची. काकू तिच्याखेरीज कोणाकडून मासे घेत नसत. ती मागच्या गॅलरीत कोयता मांडून बसायची आणि मासे साफ करता करता अख्ख्या आळीच्या बातम्या द्यायची. त्या बुधवारी काकू देवळात गेल्या होत्या. सरांनी मला सांगितलं, "आपण जरा गॅलरीत बसा, स्वल्पविराम, मांजर येतं." मांजर वगैरे काही येत नव्हतं. पण मी जाऊन बसले.

मावशीने माझ्याकडे वर-खाली पाहिलं. "तू रोज इतं काय खडखड लिवतंस गं बाय? कोर्टाचा कागद हाय का?"

"नाही मावशी. गोष्ट आहे. सिनेमाची."

"कोनाची गोष्ट?"

"तुमच्यासारख्याच एका बाईची."

कोयता थांबला. "माझ्यासारखी कंची? कोलीन?"

"हो. खाडीत मासे मिळेनासे झाले म्हणून ती यार्डात कामाला लागते. रिकामे कंटेनर झाडायचं काम."

"आमच्या गावच्या चार जनी जातान तसल्या कामाला," मावशी म्हणाली. "मंग?"

तिचं "मंग" असं होतं की उत्तर दिल्याशिवाय सुटका नाही. मी सांगायला लागले. एकदा एका कंटेनरच्या कोपऱ्यात तिला एक चिठ्ठी मिळते. कुठल्या तरी परक्या लिपीतली. खाली लहान मुलाने काढलेलं घर आहे आणि त्या घराचं दार उघडं आहे.

"मंग? चिठीन काय व्हतं?"

"तेच तिला कळत नाही. तिला आपली मराठीसुद्धा वाचता येत नाही. ती शाळेत जाते, मास्तरला ते अक्षर कळत नाही. बँकेत जाते. जहाजावरच्या एका खलाशाला गाठते."

"घरवाला काय बोलतो तिचा?"

"म्हणतो, फेकून दे. कचरा आहे."

"मेला," मावशी म्हणाली आणि एका बोंबलाचं डोकं उडवलं. "तिनं फेकली नाय ना?"

"नाही. ती डब्यात ठेवते. आणि एक दिवस तिच्या मनात येतं, की चिठ्ठीत काय आहे ते कळलं नाही तरी उत्तर द्यायला काय हरकत आहे?"

"पन लिवता येत नाय ना तिला?"

"नाही. मग ती पेन्सिल मागून आणते. आयुष्यात पहिल्यांदा हातात पेन्सिल धरते. आणि आपलं घर काढते."

मी हाताने दाखवत होते, ती बाई पेन्सिल कशी धरते ते. मूठ वळून, कोयता धरावा तशी. पाच-सहा चित्रं फाडते. मग एक जमतं. ते घेऊन ती यार्डात जाते, बाहेर जाणारा कंटेनर शोधते. सगळं सांगून झालं तेव्हा मावशीचा हात तसाच मासळीवर होता. तिने पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, "दार उघडं काडलंन का तिनं?"

"हो."

"बरं केलंन," मावशी म्हणाली.

मी उठले तर गॅलरीच्या दाराआड सर स्टुलावर बसले होते. मांडीवर वही. वहीची दहा-बारा पानं रेघोट्यांनी भरलेली.

शनिवारी त्यांनी माझ्या हातात टाइप केलेला मजकूर ठेवला. माझंच बोलणं. मावशीच्या प्रश्नांसकट, "मेला" सकट. कुठे मी थांबले, तिथे कंसात 'थांबल्या' असं होतं. कुठे 'हाताने दाखवले.' एका ठिकाणी 'हसल्या.' मी ते वाचत होते आणि मला पटत नव्हतं की हे माझ्या तोंडून निघालंय. यात 'दृश्य पहिलं, बाहेर, दिवस' कुठेही नव्हतं. यात एक बाई होती, तिची चिठ्ठी होती आणि पुढे काय होणार याची घाई होती.

"हे कोण बोललं, प्रश्नचिन्ह," सर म्हणाले.

"मी."

"मग परत म्हणू नका की बोलता येत नाही, पूर्णविराम." आणि पहिल्यांदाच मी त्यांना दात दिसतील इतकं हसताना पाहिलं.

पंधरा दिवसांनी अंधेरीहून फोन आला. गुरुवारी अकराला येऊ शकाल का? मला वाटलं, त्यांनी खरंच वाचली. मी चुकीची होते, जग चांगलं आहे, वगैरे विचार करत मी गेले.

बाहेर बसले असताना ती साहाय्यक मुलगी आली. मागच्या वेळी रुमाल देणारी. हसून म्हणाली, "तुमचे ते सर कसे आहेत?"

"कुठले सर?"

"अहो, त्यांचे चार फोन आले होते. तीन वेळा उचलला, पलीकडे कोणी बोलेचना. नुसता श्वास. मला वाटलं, कोणीतरी त्रास देतंय. चौथ्यांदा मी ओरडणार तेवढ्यात म्हणाले, 'लिहून घ्या.' इतक्या अधिकाराने म्हणाले की मी पेन काढलं ना! आणि मग सांगत गेले, स्वल्पविराम, पूर्णविराम, सगळं. थांबा, दाखवते." तिने डायरी उघडली. तिच्या गोलगोल अक्षरात लिहिलं होतं:

'महोदय, सदर लेखिकेस आपण एकदा वाचताना ऐकले आहे. सांगताना ऐकलेले नाही. मी ऐकले आहे. तरी त्यांना आणखी एक संधी द्यावी, ही नम्र विनंती. यात त्यांचा नव्हे, आपला फायदा आहे. कळावे.'

"मी सरांना, म्हणजे आमच्या दिग्दर्शकांना, वाचून दाखवलं," ती म्हणाली. "ते म्हणाले, बोलवा. माझ्यासाठी असं पत्र कधी कोणी लिहिलं नव्हतं, असंही म्हणाले."

सर फोनला हात लावत नसत, हे मला माहीत होतं. संस्थेतला फोन वाजला की काकू आतून धावत यायच्या. फोनवर समोरच्या माणसाला चेहरा दिसत नाही. अडखळलेला माणूस त्याला दिसत नाही, नुसती शांतता ऐकू येते, आणि तो ठेवून देतो. तीनदा ठेवून दिलेल्या फोनवर चौथ्यांदा नंबर फिरवायला काय लागलं असेल, याची मला कल्पना करवेना. मी तिथेच रडायला लागले असते, पण आतून हाक आली.

मी फाइल बाहेरच ठेवली. खोलीत तेच तिघं होते. माझा घसा आवळलेलाच होता, तो काही सुटला नव्हता. हात मांडीखाली दाबून बसले. मग दिग्दर्शकाच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "गव्हाणजवळ एक बाई आहे. तिला वाचता येत नाही. आणि तिला एक चिठ्ठी मिळालीय."

पाचेक मिनिटांनी माझे हात मांडीखालून बाहेर आलेले होते, ते कधी आले ते मला कळलं नाही. मधे दोनदा अडखळले. एकदा चक्क विसरले आणि "थांबा, हे आधी सांगायचं राहिलं" असं म्हणून मागे गेले. कोणाचं काही बिघडलं नाही. निर्मात्याचा फोन टेबलावर गुरगुरत होता आणि त्याने तो उलटा करून ठेवला. खलाशापर्यंत आले तेव्हा दिग्दर्शक पुढे वाकून म्हणाला, "मग? होतं काय चिठ्ठीत?"

तो सिनेमा लगेच झाला नाही. निर्माता त्याच दिवशी म्हणाला, फार सुंदर आहे, पण चालणार नाही. दिग्दर्शक म्हणाला, मी हिला सोडणार नाही. त्याने मला आधी दुसऱ्या एका कामात संवाद लिहायला घेतलं. जासईची नोकरी मी आणखी तीन वर्षं केली. चिठ्ठीचा सिनेमा उभा राहायला पाच वर्षं लागली आणि त्या पाच वर्षांत ती गोष्ट मी किती ऑफिसांत, किती माणसांसमोर सांगितली असेल याची गणती नाही. प्रत्येक वेळी आधी घसा आवळला. अजूनही आवळतो. फक्त आता मला माहीत आहे की आवळलेल्या घशानेही सांगता येतं.

त्या काळात सरांची संस्था बंद झाली. शॉर्टहँडचा शेवटचा विद्यार्थी परीक्षा होऊन गेला आणि सरांनी यंत्रं एकेक करून जुन्या विद्यार्थ्यांना देऊन टाकली. मलाही एक दिलं. सर-काकू त्याच मागच्या दोन खोल्यांत राहिले. मी जायची. पण फोनबद्दल मी त्यांना कधी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही. श्रेयनामावलीत त्यांचं नाव घालू का, म्हणून विचारलं तर स्वच्छ नाही म्हणाले. म्हणून इथेही ते नाव मी लिहिलेलं नाही.

सिनेमा पनवेलला एकच आठवडा होता, दुपारचा खेळ. मी सर आणि काकूंना घेऊन गेले. सगळे मिळून अठरा-वीस प्रेक्षक असतील. सरांचं वय झालं होतं, काठी आली होती. सिनेमाभर ते ताठ बसून होते. मी पडद्याकडे कमी आणि त्यांच्याकडेच जास्त बघत होते.

बाहेर आल्यावर पायऱ्यांवर ऊन होतं. काकू डोळे पुसत होत्या, मग रिक्षा बघायला दोन पायऱ्या उतरल्या. मी सरांना म्हणाले, "सर, तुम्ही अंधेरीला चार फोन केले होतेत. मला त्याच दिवशी कळलं होतं. इतकी वर्षं बोलायचं राहून गेलं. तुम्ही नसतात तर मी आज यार्डात सील नंबर तपासत असते. तुमचे फार उपकार आहेत माझ्यावर."

मी जन्मात कोणाला असं तोंडावर काही बोलले नव्हते.

सरांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. काठी या हातातून त्या हातात घेतली. मग काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि अडकले. "ती... ती ब... ब..." शीर फुगली. डोळे मिटले. खालून रिक्षावाला "चला काका, चला" म्हणत होता. काकूंनी वर पाहिलं आणि हाताने त्याला गप्प केलं. मला शब्द कळला होता. मी तो चटकन सांगून त्यांची सुटका करू शकले असते. केली नाही. उन्हात उभी राहिले आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. कितीही वेळ लागला तरी मला तो शब्द त्यांच्याच तोंडून ऐकायचा होता.

"ती बाई," सर शेवटी म्हणाले. श्वास घेतला. माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही सांगितली होतीत तेव्हा याहून उंच होती."